तालीम सुटली, खुराक राहिला : पन्नाशीनंतर वजन उतरवायचं आणि त्यात टिकायचं कसं

कोल्हापुरात पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही गड्याला व्यायामाचं विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "आम्ही बी तालमीत जात होतो की!" मीही त्यातलाच. सोळाव्या वर्षापासून बाविसाव्यापर्यंत पेठेतल्या तालमीत गेलो. कुस्तीत काही दिवे लावले नाहीत, पण पहाटे उठून हौद्यातली लाल माती उकरली, जोर मारले, बैठका मारल्या आणि घरी येऊन चार माणसांचं जेवण एकट्यानं संपवलं. मग मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानात हिशेबाला लागलो आणि चौतीस वर्षं खुर्चीला चिकटलो. तालीम सुटली, खुराक तेवढा राहिला. रात्री गंगावेशीत म्हशीच्या धारोष्ण दुधाचा ग्लास, रविवारी तांबडा-पांढरा, मधल्या वारी मिसळ. छप्पन्नाव्या वर्षी वजन ८६ किलो, उंची पाच फूट सहा इंच, आणि बुटाची नाडी बांधताना श्वास रोखून धरायची पाळी.

मग जानेवारीत जोश आला. एका जिममध्ये वर्षाचे पैसे एकदम भरले. पहिल्याच दिवशी शेजारी पंचविशीतली पोरं बघून जुना पैलवान जागा झाला आणि पन्नास बैठका मारल्या. पुढचे चार दिवस भिंतीला धरल्याशिवाय संडासात बसता आलं नाही. पाचव्या दिवशी गेलो नाही, सहाव्या दिवशीही नाही, आणि फेब्रुवारीत त्या रस्त्यानं जायचंच टाळलं. दोष जिमचा नव्हता. डोक्यात बावीस वर्षांचं शरीर होतं आणि पायाखाली छप्पन्न वर्षांचे गुडघे.

पडून राहिलेल्या त्या दिवसांत एक प्रश्न सुचला. तालमीत सहा वर्षं रोज कसा गेलो होतो? प्रेरणा होती म्हणून? छे. कितीतरी पहाटे अंथरूण सोडवत नव्हतं. पण नाही गेलं तर वस्ताद घरी पोरगं धाडायचे, ते गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं. वेळ ठरलेली, वाट बघणारी माणसं ठरलेली, मेहनत वस्ताद हळूहळू वाढवणार, आपण फक्त पोचायचं. मूड आहे का, हे कुणी विचारत नव्हतं. पन्नाशीनंतर ही व्यवस्था पुन्हा उभी केली की उत्साहाची वाट बघत बसावं लागत नाही. ती मी कशी उभी केली, ते क्रमानं सांगतो.

आधी डॉक्टर, मग बूट

चाळिशीनंतर, आणि त्यातही बरीच वर्षं हालचाल नसेल तर, आधी रक्तदाब, उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. घरात हृदयविकार असेल, चढावर छाती भरून येत असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. ते विचारतील तेव्हा बघू, असं नको. थायरॉइड मंद असेल तर वजन उतरायला त्रास होतो आणि माणूस उगाच स्वतःला आळशी ठरवतो.

चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यानं रिकाम्या पोटी जास्त चाल केली तर साखर एकदम खाली येऊ शकते : घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशांनी खिशात गुळाचा खडा ठेवावा. (गुळाचा हा उपयोग मी मनापासून सांगतो. दुसऱ्या एका बाबतीत पुढे माझ्याच धंद्याशी बेइमानी करणार आहे.)

चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, न झेपणारा दम, चक्कर असं काही झालं तर तिथंच थांबायचं आणि १०८ ला फोन लावायचा. बायकांमध्ये कधी कधी छातीत न दुखता नुसता दम लागतो, मळमळतं, पाठीत भरून येतं. "पित्त झालं असंल" म्हणून घरी परतू नका.

इशारा पातळी बघून ठेवा

कोल्हापूरकराला पातळी समजावून सांगावी लागत नाही. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न : पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. पोटाचंही तसंच आहे. भारतीय माणसासाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही इशारा पातळी धरतात. पोटाच्या आत अवयवांभोवती साठलेली चरबी मधुमेह आणि हृदयविकाराला जास्त जवळची, म्हणून काट्याइतकंच टेपलाही महत्त्व आहे. टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता धरायचा. बायको टेप धरत असेल तर पोट आत ओढता येत नाही, हा अनुभव. माझा आकडा १०२ आला. म्हणजे गावात पाणी शिरलेलं.

टेपबरोबर अजून तीन गोष्टी पहिल्या दिवशी वहीत लिहा. एक, वजन. दोन, तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता-बसता येतं : हात छातीवर घडी घालून, खुर्ची भिंतीला टेकवून. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा कमी आणि बाईला १२ पेक्षा कमी जमत असेल तर पायांची ताकद सरासरीखाली आहे, असं समजतात. मला साठीआधीच अकरा जमल्या. तालमीत दिवसाला पाचशे मारणारा मी! तीन, रोजच्या जगण्यातली एक अडचण, आपल्या शब्दांत. मी लिहिलं, "नाडी बांधताना दम." मावसभावानं लिहिलं, "नातू उचलून घे म्हणतो, टाळतो." वजनाचा आकडा महिनाभर हलला नाही तरी ही तिसरी ओळ हलते, आणि माणसाला धरून ठेवते ती तीच.

पहिलं उद्दिष्ट वजनाच्या पाच ते सात टक्क्यांचं ठेवा. माझ्यासाठी ते सहा किलो होतं. ऐकायला किरकोळ वाटतं. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लोकांना सात टक्के वजन कमी करण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्यासारख्या व्यायामाचं उद्दिष्ट दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आणि साठीच्या पुढच्यांत? ७१ टक्क्यांनी. म्हाताऱ्यांनी तरण्यांना चितपट केलं. मी ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

वयावर ढकलू नका, निदान सगळं नको

"वय झालं की चरबी जळतच नाही" हे कट्ट्यावरचं लाडकं वाक्य. २०२१ साली सहा हजारांहून अधिक माणसांच्या मोजमापांवरून शास्त्रज्ञांनी दाखवलं, की शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर वीस ते साठ या वयात शरीराची ऊर्जा जाळण्याची गती जवळपास तशीच राहते. साठीनंतर ती वर्षाला एक टक्क्याहूनही कमी वेगानं उतरते. मग चाळिशीत पोट कुठून आलं? खुर्चीतून आणि ताटातून.

वयानं खरोखर जातात ते स्नायू. तिशीनंतर दर दशकात साधारण तीन ते आठ टक्के, साठीनंतर अजून वेगानं, आणि न वापरणाऱ्याचे जास्त. वजन तेच राहूनही आतून स्नायू जातात आणि चरबी येते. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. मग काटा खूश आणि गडी जिन्यात बसलेला. म्हणून चालणं, ताकदीचा व्यायाम आणि ताट या तिन्हींना एकदमच हात घालायचा.

बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यानंतर चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते आणि पहिल्या काही वर्षांत हाडं भराभर विरळ होतात. "पूर्वी एवढंच खात होते, आता अंगाला का लागतंय?" हे घरातलं गाऱ्हाणं म्हणजे बहाणा नव्हे.

पहिले तीन आठवडे : फक्त पोचायचं

रंकाळा तलावावर जायचं ठरवलं तेव्हा स्वतःला एकच काम दिलं. पहाटे पावणेसहाला पदपथावर उभं राहायचं. चालायचं किती? दहा मिनिटं. त्याहून जास्त चालायची मनाई. हे महत्त्वाचं आहे, कारण पहिल्या आठवड्यात जोर जास्त असतो आणि तोच घात करतो. दहा मिनिटांनी परत फिरताना "एवढंच?" असं वाटलं पाहिजे. दुसऱ्या आठवड्यात पंधरा, तिसऱ्यात वीस.

रात्रीच करून ठेवायच्या गोष्टी : बूट दाराशी, मोजे बुटात, किल्ली बुटात, मोबाइल अंथरुणापासून हात पोचणार नाही इतका लांब. पहाटेच्या डोक्याला निर्णय घ्यायला लावलं की ते झोपेच्या बाजूनं मत देतं. बुटांवर थोडे पैसे घाला. टाचेला पाठबळ आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. कोल्हापुरी चप्पल जगात भारी असेल, पण रोज तीन-चार किलोमीटर चालायला नको. तळव्याला आधार मिळत नाही आणि टाच धरली की महिना गेला.

रंकाळा संध्याकाळी टाळा, असं मी सांगेन. चौपाटीवर भेळेच्या गाड्या, भाजलेली कणसं; तीनशे पावलं चालून तीनशे कॅलरी घेऊन परत येणारी कितीतरी मंडळी रोज दिसतात. संध्याकाळच जमत असेल तर विद्यापीठाचा परिसर बरा, झाडी आहे आणि खायला काही नाही. टेंबलाईच्या टेकडीचा चढ दोन महिन्यांनंतर.

तीन आठवड्यांनंतर वेग. बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं अशा मध्यम मेहनतीची आहे. रोज तीस मिनिटं, पाच दिवस धरा. दहा हजार पावलांचा धसका घेऊ नका. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमधल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आला. साठीपुढच्यांत रोज सहा ते आठ हजार पावलांच्या आसपासच आयुर्मानाचा बहुतेक फायदा पदरात पडतो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

आणि सवय लागायला "एकवीस दिवस" लागतात हेही सोडून द्या. लंडनमधल्या एका अभ्यासात एखादी गोष्ट आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. पण त्यातच असंही दिसलं, की मध्ये एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही.

कट्टा बांधा

माझ्या मते अख्ख्या लेखातलं सगळ्यात कामाचं हेच. एकट्यानं ठरवलेलं एकट्यालाच मोडता येतं. मी ज्यांना वस्ताद केलं ते तात्या, गल्लीतले, एकाहत्तर वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "तात्या, मी नाही आलो तर शिव्या घाला." त्यांनी विचारलं, "फुकट?" ठरलं की चहा मी पाजायचा. तेव्हापासून पहाटे साडेपाचला त्यांचा मिस्ड कॉल येतो. दुसऱ्यांदा आला तर समजायचं, ते खाली उभे आहेत.

माणूस निवडताना तीन गोष्टी बघा. तो घराजवळचा हवा. तुमच्यापेक्षा फार तगडा नको. त्याच्या मागं धावताना गुडघा जातो. आणि तो तोंडावर बोलणारा हवा. "असू दे रे, उद्या जाऊ" म्हणणारा प्रेमळ मित्र या कामाला नालायक. दोघांपेक्षा चौघं बरे, एक आजारी पडला तरी कट्टा चालू राहतो. व्हॉट्सॲप ग्रुप काढलात तर त्यात फक्त "पोचलो" एवढंच लिहायचा नियम ठेवा. आमच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं टाकणाऱ्याला दुसऱ्या दिवशीच्या चहाचे पैसे द्यावे लागतात.

इथं एक घरचं सांगायलाच पाहिजे. दोन महिने मी मोठ्या तोऱ्यात रंकाळ्यावरून परत येत होतो. एके दिवशी चहाचा कप पुढे ठेवत बायको म्हणाली, "तुमचं चालणं म्हणजे मी पाचला उठून चहा करायचा आणि डबा भरायचा. माझं चालणं कधी हो?" उत्तर नव्हतं. बायकांची अडचण इच्छेची नसते, वेळेची असते. सकाळ त्यांची नसतेच. त्या आठवड्यापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळचा चहा आणि कणीक माझ्याकडे. कणीक पहिले दोन आठवडे चिकट झाली, मग जमली. ती आणि गल्लीतल्या तिघी सहाला निघतात, आणि त्यांचा कट्टा आमच्यापेक्षा पक्का निघाला. त्या पावसातही छत्र्या घेऊन जातात. घरातल्या बाईनं व्यायाम करावा असं वाटत असेल तर तिला सल्ला देऊ नका, तिच्या हातातलं एक काम घ्या.

बैठका, पण खुर्चीवरच्या

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, वीस मिनिटं ताकदीला. डंबेल नकोत.

खुर्ची भिंतीला टेकवा. पाय खांद्याइतके फाकवून, हात छातीवर. श्वास सोडत उठा, तीन मोजत सावकाश बसा, धपकन नाही. सावकाश खाली येण्यातच निम्मी मेहनत आहे. आठ ते दहा वेळा, मग मिनिटभर विश्रांती, पुन्हा तेवढंच. उठवत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा. बारा सहज व्हायला लागल्या की छातीशी पाण्याची दोन लिटरची बाटली, मग आट्याची पाच किलोची पिशवी. आज मी पिशवी घेऊन मारतो.

जोर भिंतीवर मारा. हातभर अंतरावर उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवायचे, कोपरं वाकवून छाती भिंतीजवळ न्यायची, परत यायचं. महिन्यानं भिंतीऐवजी स्वयंपाकाचा ओटा, मग पलंगाची कड. तालमीतला सपाट्याचा जोर, कमरेतून झोकून द्यायचा, सुरुवातीला नको; खांदा आणि कंबर दोन्ही कुरकुरतात.

तिसरं, ओझं वाहणं. कपिलतीर्थ मंडईतून भाजीच्या दोन पिशव्या दोन हातांत समान वजन करून, पाठ ताठ ठेवून, घरापर्यंत चालत आणा. गाडी घरी ठेवा.

चौथं तोल. ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभं राहायचं, दूध उतू जायच्या बेतात येईपर्यंत. मग दुसरा पाय. साठीनंतर पडणं हे वजनापेक्षा मोठं संकट आहे, खुब्याचं हाड मोडलं की पुढची गणितं बदलतात.

दुसऱ्या दिवशी मांड्या जड वाटल्या तर चांगलं लक्षण. सांध्यात टोचल्यासारखी कळ, सूज, किंवा तीन दिवस टिकणारं दुखणं असेल तर निम्म्यावर या. गुडघेदुखी असलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो.

"या वयात कसली ताकद वाढणार?" असं कुणी म्हणालंच तर त्याला १९९० सालचा एक प्रयोग सांगा. नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा ताकदीचा व्यायाम देखरेखीखाली दिला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत!

ताट

रस्सा सोडा, असं मी कोल्हापुरात लिहिणार नाही. सोडलेला पदार्थ तीन आठवड्यांनी दुप्पट होऊन परत येतो. पण हिशेब माझा धंदा आहे, म्हणून आधी तेल मोजू. घरात चार माणसं आणि महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज चाळीस मिलिलिटरच्या वर, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. पाचाचे साडेतीन लिटर केले तर माणशी रोज शंभर कॅलरी गेल्या, आणि एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी; वर्षाचं गणित तुम्हीच करा. उपाय साधा : महिन्याचं तेल पहिल्या तारखेला वेगळ्या डब्यात काढायचं आणि संपलं की संपलं.

रविवारचा तांबडा-पांढरा चालू ठेवा. तांबड्यावर तरंगणारा कट पळीनं बाजूला करा, पांढऱ्यात नारळाचं दूध आणि काजू आहेत हे विसरू नका, आणि दोन्हीची एकेक वाटी. भाकरी एक, मटणाचे तुकडे पोटभर, कांदा-काकडी भरपूर. घात होतो तो हॉटेलात, जिथं रस्सा कितीही वाढतात. वाढपी आला की वाटीवर हात. मिसळ आठवड्यात एकदा, मटकी जास्त आणि फरसाण वेगळ्या वाटीत मागून घ्यायचं, पाव एक.

खुराकाचं काय? जुन्या पैलवानाचं दूध-बदाम-थंडाई त्याच्या मेहनतीला होतं. म्हशीच्या दुधाचा पाव लिटरचा ग्लास अडीचशेपेक्षा जास्त कॅलरींचा असतो. मी गंगावेशीतलं दूध बंद नाही केलं, पण ते आता रात्रीच्या जेवणावर वरचं नाही, त्याच जेवणातली एक भाकरी कमी करून. कारण प्रथिनं लागतातच, उतारवयात जरा जास्तच : वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.) सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला सत्तर ग्रॅम धरा. दोन अंड्यांत बारा, त्या दुधाच्या ग्लासात नऊ, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये पंचवीसच्या वर, मटकीच्या उसळीच्या भरल्या वाटीत सात-आठ. आपल्याकडे सकाळी पोहे, दुपारी भाकरी-भाजी आणि सगळं मटण रविवारी, असं होतं. रोज तिन्ही वेळा थोडं थोडं हवं. आमच्याकडे सकाळी उसळ किंवा अंडी सुरू झाली आणि अकरा वाजताचा भडंगाचा पुडा आपोआप सुटला.

आता ती बेइमानी. "साखर बंद केली, गूळ खातो" असं म्हणणारे रोज भेटतात. चौतीस वर्षं गुळाच्या ढेपा मोजलेला माणूस सांगतोय : वजनाच्या आणि रक्तातल्या साखरेच्या हिशेबात गूळ आणि साखर जवळजवळ सारखेच. चहात दोन चमचे गूळ म्हणजे दोन चमचे गूळ.

पावसाळा, म्हाई आणि बाकीचे खाडे

वर्षातले अडचणीचे दिवस आधीच माहीत असतात. जून अखेरपासून पाऊस, श्रावणात उपवासाची साबुदाण्याची खिचडी (उपवासाचं नाव, तुपाचा मारा), गणपती, दिवाळी, मग लग्नसराई आणि गावोगावच्या म्हाईचं (गावजत्रेच्या जेवणाचं) मटण. या दिवसांत वजन उतरवायला जाऊ नका, राखायला बघा. पावसात घरातल्या घरात जिना : पाच मिनिटं चढ-उतार, खुर्चीच्या बैठका, भिंतीचे जोर. आमचा पावसाळी नियम दहा मिनिटांचा आहे. दहाच मिनिटं, पण रोज.

म्हाईला जाताना उपाशी जाऊ नका. दोन अंडी खाऊन निघा. तिथं पहिल्या वाढणीला तुकडे घ्या, आग्रह होणार हे गृहीत धरून ताटात थोडं शिल्लक ठेवा. कोल्हापुरात रिकामं ताट म्हणजे वाढा असा निरोप. दुसऱ्या दिवशी उपास करून फेडायचा नाही. नेहमीसारखं जेवायचं, नेहमीसारखं चालायचं.

काटा हलेना तेव्हा

रोजचं वजन पाण्यावर, मिठावर, पोट साफ होण्यावर किलो-दीड किलो वरखाली होतं. रस्सा खाल्ल्यावर सोमवारी वाढलेला किलो चरबीचा नसतो. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उठल्यावर. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. चार आठवडे आकडा जागचा हलला नाही तर आधी टेप बघा. माझ्या पाचव्या महिन्यात वजन तेच होतं आणि कंबर दोन सेंटिमीटर उतरली होती. टेपही हलला नाही तर तेलाचा डबा, चहाचे कप आणि बसायचे तास पुन्हा मोजा, नेमकं तिथं काहीतरी परत शिरलेलं असतं.

चौदा महिन्यांत मी ८६ वरून ७८ वर आलो. कंबर १०२ वरून ९४. म्हणजे इशारा पातळीच्या वरच अजून, पण गावातलं पाणी ओसरलं. तीस सेकंदांत बैठका सतरा.

मागच्या पावसाळ्यात तापानं अकरा दिवस अंथरुणाला खिळलो. बरा झालो, पण अंगात काही राहिलं नाही आणि मनातून सगळं सुटल्यासारखं झालं. मोठ्या खाड्यानंतर पहिला आठवडा निम्म्यावर, दुसरा पाऊणवर आणि तिसऱ्या आठवड्यात पूर्ववत, हा हिशेब मला पाठ होता, पण निम्मंही नको वाटत होतं. मिस्ड कॉल दोन दिवस आला, मी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तात्या दारात उभे, छत्री मिटलेली, पाणी गळतंय. "चालायचं न्हाई आज," ते म्हणाले, "नुस्तं कट्ट्यावर बसायला चल." गेलो. बसलो. चहाचे पैसे त्यांनीच दिले. घरी आल्यावर वहीत त्या तारखेपुढे बरोबरची खूण केली.